वायफाय चालू झालं की ईएसपी-३२ सतत रीस्टार्ट होतो? कोड बाजूला ठेवा, आधी पाच व्होल्ट तपासा

ईएसपी-३२ ह्या वायफायवाल्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर कोड टाकला, एलईडी लुकलुकतोय, सेन्सरचं रीडिंग नीट येतंय, सगळं छान चाललंय आणि मग वायफाय चालू करायची एक ओळ घातली की बोर्ड रीस्टार्ट, परत चालू, परत वायफाय, परत रीस्टार्ट. सिरियल मॉनिटरवर "ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड" अशी ओळ एकाखाली एक पडत राहते. सांगली, मिरज, तासगाव पट्ट्यात द्राक्षबागेत, बेदाणा शेडमध्ये, मोटरच्या स्टार्टरवर हे बोर्ड लावणारी पोरं आता भरपूर झालीत, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बहुतेक तक्रारी फिरून ह्याच एका ठिकाणी येतात. आणि प्रत्येकजण आधी कोडच बदलत बसतो, लायब्ररी बदलतो, बोर्ड पॅकेज परत टाकतो, शेवटी नवा बोर्ड मागवतो आणि तोही तसाच वागतो. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितोय.

आधी नेमकं काय होतं ते बघा. वायफाय बंद असताना हा बोर्ड पन्नास-शंभर मिलीअँपच्या आसपास खातो, म्हणजे काहीच नाही. पण रेडिओ ट्रान्समिट करायला लागला की फुल पॉवरला एकट्या चिपचा करंट साधारण २४० मिलीअँपवर जातो, आणि तोही सलग नाही, मिलिसेकंदाचे झटके असतात. म्हणून तर बनवणारी कंपनी, एस्प्रेसिफ, स्वतःच डेटाशीटमध्ये सांगते की सप्लाय किमान ५०० मिलीअँप देणारा हवा. चिपला लागतात ३.० ते ३.६ व्होल्ट. झटका आला, व्होल्टेज खाली गेलं, साधारण २.४३ व्होल्टच्या खाली उतरलं की आतला ब्राउनआउट डिटेक्टर चिपला रीसेट मारतो. उठला की कोड पहिल्यापासून चालू, परत वायफाय, परत झटका. हे चक्र थांबत नाही कारण प्रत्येक वेळी तीच परिस्थिती परत येते.

आता ह्यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या, बऱ्याच जणांचं इथंच चुकतं. चिपला लागतात ३.० आणि डिटेक्टर ओरडतो २.४३ ला. मधला जो अर्धा व्होल्टचा पट्टा आहे तिथं कुठलाच मेसेज येत नाही पण चिप धड चालतही नाही. तिथं मग वायफाय जोडलं जातं आणि तुटतं, पासवर्ड बरोबर असून कनेक्ट होत नाही, मधेच कुठलातरी पॅनिक एरर (प्रोग्राम कोसळल्याचा मेसेज) येतो जो कोडमध्ये शोधून सापडत नाही, हे सगळं होतं. त्यामुळे ब्राउनआउटची ओळ दिसत नाही म्हणजे पॉवर चांगली असं धरून चालू नका. आणि जुना ईएसपी-८२६६ असेल तर त्याच्यावर ही ओळ येतच नाही, नुसता कचरा अक्षरं येतात, तो कचरा वाचायचा असेल तर मॉनिटरचा बॉड रेट ७४८८० करा मग रीसेटचं कारण दिसतं.

इंटरनेटवर ह्याच्यावर एक झटपट उपाय फिरतो, सेटअपमध्ये एक ओळ टाकून ब्राउनआउट डिटेक्टरच बंद करून टाकायचा. हे कृपया करू नका. रीस्टार्ट थांबल्यासारखा वाटतो खरा, पण व्होल्टेज पडायचं थांबलेलं नसतं, सांगणारा फक्त गप्प केलेला असतो. बोर्डवरची फ्लॅश मेमरी साधारण २.७ व्होल्टपासून वर चालायला बनवलेली असते, त्याच्या खाली असताना सेटिंग सेव्ह व्हायला गेलं की डेटा खराब होतो, आणि मग एक दिवस तो बोर्ड बूटच होत नाही. टेबलावर खेळत असाल तर एकवेळ ठीक, पण स्टार्टरवर, जिथं मोटर चालू-बंद करायचं काम त्या बोर्डकडे आहे तिथं हे अजिबात नको.

मग शोधायचं कसं. पहिलं काम, दोन मिनिटाचं: कोडमध्ये वायफायची ट्रान्समिट पॉवर कमी करा. डीफॉल्ट १९.५ डीबीएम असते, ती ८.५ वर आणा आणि बोर्ड राउटरच्या जवळ ठेवून चालवा. रीस्टार्ट थांबला किंवा बराच कमी झाला तर प्रश्न पॉवरचा आहे, वाद नाही. दुसरं, रीसेटचं कारण विचारणारं फंक्शन लायब्ररीत आहे, त्याचा आकडा सेटअपच्या पहिल्याच ओळीत प्रिंट करा. ९ आला तर ब्राउनआउट. ४ आला तर पॅनिक, म्हणजे खरंच कोडमध्ये बघा. ५, ६, ७ हे वॉचडॉगचे, कुठंतरी कोड अडकलाय. आणि १, म्हणजे पॉवर ऑन, हा आला आणि तुम्ही तर वायर काढलेली नव्हती, तर तोही पॉवरचाच प्रश्न समजा, व्होल्टेज इतकं पटकन आणि इतकं खाली गेलं की डिटेक्टरला बोलायलाही वेळ मिळाला नाही. शेतात लावलेल्या बोर्डला लॅपटॉप जोडून बसता येत नाही, त्यामुळे तो आकडा मेमरीत साठवून ठेवायचा आणि नेट आलं की पहिल्या मेसेजबरोबर पाठवायचा, ही सवय प्रत्येकानं लावूनच घ्यावी असं माझं मत आहे.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, मल्टीमीटर. "दादा मी मीटर लावून बघितलं, बरोबर पाच व्होल्ट येतंय." हो, येणारच. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदा मोजतो आणि झटका असतो मिलिसेकंदाचा, तो त्याला दिसतच नाही. पाइपलाइनच्या टोकाला कॉक बंद असताना प्रेशर गेज फुल दाखवतो आणि कॉक उघडला की धार मुताएवढी येते, तसाच हा प्रकार, लोड नसताना मोजलेल्या व्होल्टेजला काही अर्थ नाही. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, पण तो काय सगळ्यांकडे नसतो. त्याच्यावर स्वस्तातला इलाज असा: १० ओहम ५ वॅटचा एक पांढरा सिमेंट रेझिस्टर आणा. बोर्ड काढून ठेवा, आणि जिथं बोर्डला पाच व्होल्ट मिळणार तिथंच, वायरच्या त्याच टोकाला, हा रेझिस्टर प्लस-मायनसमध्ये लावा. तो सलग अर्धा अँप ओढतो. आता मीटरला आरामात वाचता येतं कारण हा झटका नाही, सलग लोड आहे. रेझिस्टर तापतो, चांगलाच तापतो, हातात धरू नका, मोजून झालं की काढा.

तासगावजवळच्या एका बेदाणा शेडमधलं सांगतो. आत तापमान आणि आर्द्रता बघायला मधल्या रॅकवर बोर्ड लावलेला, मोबाईलचा चार्जर शेडच्या दाराजवळच्या स्विचबोर्डात, आणि तिथून मधल्या रॅकपर्यंत बारीक बेल वायर ओढलेली. मालक म्हणाले, "अहो पोरानं कितीदा तरी कोड बदलला, एक दिवस चालतंय की परत बंद." चार्जरजवळ मोजलं, ५.०५ व्होल्ट. रॅकजवळ रिकामी वायर मोजली, तिथंही तेवढंच. मग रॅकच्या टोकाला तो १० ओहम लावला आणि मीटर ४.२ वर आला. मग दोन्ही प्रोब चार्जरच्या टोकाला नेले, तिथं ५ च. म्हणजे चार्जर निर्दोष, जवळपास पाऊण व्होल्ट त्या बेल वायरमध्येच जिरत होतं. कोडमध्ये काहीच चूक नव्हती, पोराचा कोड उलट चांगला लिहिलेला होता.

आता ४.२ मिळाले तर बिघडलं काय, चिपला तर ३.३ च लागतात ना, असं वाटतं. इथं बोर्डवरचा रेग्युलेटर, म्हणजे पाचाचे ३.३ करणारा भाग, मधे येतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बोर्डांवर एएमएस-१११७ असतो, त्याला आउटपुटपेक्षा १.१ ते १.३ व्होल्ट जास्त इनपुट लागतं, म्हणजे ३.३ नीट द्यायला ४.४ ते ४.६ तरी पाहिजेत. त्यात यूएसबीतून पॉवर देत असाल तर बऱ्याच बोर्डांवर मधे एक डायोड असतो तो आणखी ०.३ खातो. म्हणजे चार्जर अगदी ५ देत असेल तरी तुमच्या हातात शिल्लक राहते पाव व्होल्टसुद्धा धड नाही. आणि बाजारात मिळणाऱ्या बारीक यूएसबी केबलमध्ये २८ गेजची तार असते, एक मीटरच्या केबलमध्ये जाऊन-येऊन ०.४३ ओहम, अर्ध्या अँपला ०.२ व्होल्ट गेले. दोन मीटरची केबल घेतली की ०.४ गेले. संपलं. म्हणून केबल बदलली की काही जणांचा बोर्ड जादू झाल्यासारखा चालू होतो, त्यात जादू नाही, जाड तांबं आहे. आखूड आणि जाड केबल घ्या, एवढ्यानंच टेबलावरचे बरेच प्रश्न मिटतात.

शेतातल्या लांब अंतराला मात्र पाच व्होल्ट ओढूच नका. नेटवर्कच्या केबलची एक जोडी १५ मीटर ओढली तर जाऊन-येऊन अडीच ओहम होतात, अर्ध्या अँपला सव्वा व्होल्ट जातात. त्याऐवजी १२ व्होल्टचा अडॅप्टर लावा, वायरमधून १२ पाठवा आणि बोर्डच्या अगदी जवळ एलएम-२५९६ चं बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारं) लावून तिथं ५ करा. १२ पाठवले की त्याच कामाला करंट निम्म्याच्या आसपास लागतो, आणि वाटेत अर्धा-पाऊण व्होल्ट गेला तरी बकला फरक पडत नाही. फक्त बकचा स्क्रू फिरवून आउटपुट मीटरवर ५.१ ला सेट करा आणि मगच बोर्ड जोडा, नवीन मॉड्यूल कितीवर सेट असेल सांगता येत नाही, सरळ जोडलं तर बोर्ड जातो. बेदाणा शेडमध्ये हेच केलं आणि ते अजून चाललंय. आणि काहीजण १२ व्होल्ट थेट बोर्डच्या व्हीआयएन पिनला देतात, ते नको, एएमएस-१११७ हा वरचे पावणेनऊ व्होल्ट सगळे उष्णता करून टाकतो, बोट ठेवता येत नाही इतका तापतो, तापला की स्वतः बंद होतो, थंड झाला की परत चालू, म्हणजे परत रीस्टार्टच, फक्त आता कारण वेगळं.

बॅटरीवर चालवणाऱ्यांसाठी थोडक्यात. एका १८६५० लिथियम सेलवर एएमएस-१११७ वाला बोर्ड चालवायचा नाद सोडा, सेल ३.७ वर आला की मागं २.६ च उरतात. एचटी-७३३३ सारखा रेग्युलेटर झोपेच्या (स्लीप मोडच्या) करंटला फार चांगला पण तो २५० मिलीअँपचाच आहे, वायफायच्या झटक्याला पुरत नाही. एपी-२११२ हा ६०० मिलीअँपचा आहे, तो बघा. पॉवर बँकचं वेगळंच, बोर्ड झोपला आणि करंट कमी झाला की बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात आणि मग बोर्ड मेला असं वाटतं.

कॅपॅसिटर लावा, असं सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे पण अर्धवट आहे. हिशोब करा, २५० मिलीअँपचा झटका एक मिलिसेकंद चालला आणि मागून काहीच आलं नाही तर ४७० मायक्रोफॅरॅडवर व्होल्टेज अर्ध्या व्होल्टनं पडतं. आणि सिग्नल कमजोर असताना वायफाय १ एमबीपीएसवर उतरलं की दीड हजार बाइटचं एक पॅकेट पाठवायला बारा मिलिसेकंद लागतात. म्हणजे कॅपॅसिटर झटक्याची सुरुवात सांभाळतो, बारीक वायर आणि मरतुकडा चार्जर ह्यांची भरपाई तो करू शकत नाही. ३.३ व्होल्टच्या पिनजवळ ४७० चा चांगला लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) आणि शेजारी ०.१ चा सिरॅमिक लावाच, पाय आखूड ठेवून, पण आधी वायर नीट करा. आणि ब्रेडबोर्डच्या सैल भोकांवर, स्वस्तातल्या जंपर वायरींवर विश्वास ठेवू नका, शेवटचं जे शेतात लावायचं ते सोल्डर करूनच लावा.

सिग्नलचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे द्राक्षबागेत एक ठराविक गोष्ट होते. ऑक्टोबर छाटणीनंतर वेल मोकळे असतात तेव्हा बोर्ड लावला, राउटर घरात, रेंज मस्त. पाला भरला की रेंज पडते, कारण पानातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झ चांगलंच शोषतं, वर मंडपाच्या तारा आणि अँगल आहेतच. रेंज पडली की पॅकेट परत परत पाठवलं जातं, तेही कमी स्पीडला, म्हणजे रेडिओ जास्त वेळ चालू, म्हणजे सरासरी करंटही वाढला. त्यामुळे दोन महिने नीट चाललेला बोर्ड अचानक रीस्टार्ट व्हायला लागतो आणि माणूस म्हणतो, काहीच बदललं नाही. बदललं की, पाला आला. आरएसएसआयचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडाही पाठवत चला, उणे ८० च्या खाली गेला की त्याच्यावर भरवसा नाही. लोखंडी डब्यात बोर्ड बंद करून ठेवला असेल तर तो आधी काढा, प्लास्टिकचा डबा वापरा किंवा बाहेरच्या अँटेनाचा कनेक्टर असलेलं यू वालं मॉड्यूल घ्या. अंतर खरंच लांब असेल तर वायफायचा हट्ट न धरता लोरा (लांब पल्ल्याचा, कमी डेटाचा रेडिओ) बघा, आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ लायसन्सशिवाय वापरता येतं, मॉड्यूल घेताना तोच बँड बघून घ्या, ९१५ वालं स्वस्त दिसलं तरी तो बँड आपल्याकडे मोकळा नाही.

स्टार्टरवर लावलेल्या बोर्डचं दुखणं जरा वेगळं असतं. रिले मॉड्यूलवरची पाच व्होल्टची एक कॉइल साधारण ७० मिलीअँप खाते, दोन रिले आणि वायफायचा झटका एकाच वेळी आला तर ६०० मिलीअँपचं एचएलके-पीएम०१ (मेन लाईनवरून थेट ५ व्होल्ट देणारं) मॉड्यूल काठावर येतं. रिले मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा जंपर असेल तर तो काढून रिलेला वेगळा सप्लाय द्या. पण रीसेट मोटर बंद होतानाच येत असेल, चालू होताना नाही, तर पॉवर कमी पडण्यापेक्षा कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधला मोटर जोडणारा मोठा स्विच) कॉइलचा फटका असण्याची शक्यता जास्त. कॉइल सुटताना मोठा स्पाइक मारते आणि तो वायरींमधून बोर्डात शिरतो. कॉइलवर सर्ज सप्रेसर लावायचा, कॉन्टॅक्टरच्या कॉइल व्होल्टेजला जुळणाराच, आपले शेतीचे स्टार्टर बहुतेक ४१५ व्होल्ट कॉइलचे असतात, तिथं नेहमीचा २७५ व्होल्टचा एक्स-टू कॅपॅसिटर चालत नाही, फुटतो. बोर्डच्या वायरी आणि कॉइलच्या वायरी एकाच बंडलमध्ये बांधू नका. आणि हे सगळं मेन स्विच खाली ओढून, टेस्टरनं तिन्ही फेज बघून मगच. लाईट गेलेली आहे म्हणून हात घालू नका, ती कधीही येते, आणि ऑटो (लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा) लावलेला असेल तर मोटरही उचलते. वायरमनला शेजारी घ्या, त्यात कमीपणा नाही.

लाईट येते त्या क्षणाचं पण एक आहे. पाळी सुरू झाली की एका डीपीवरच्या ऑटोवाल्या सगळ्या मोटरी एकदम उचलतात, व्होल्टेज दणकन खाली जातं, साधा चार्जर तेवढ्यापुरता झोपतो आणि नेमका तेव्हाच बोर्ड वायफाय जोडत असतो. इथं कितीही चांगली केबल घातली तरी उपयोग नाही. १२ व्होल्ट ७ एएचची यूपीएसची बॅटरी, तिला चार्जर, आणि बॅटरीवरून बक, हे सगळ्यात टिकाऊ. शिवाय कोडमध्ये वायफाय जोडलं जाईपर्यंत थांबून राहणारा लूप असतो ना, जो सगळ्या उदाहरणांत दिलेला असतो, तो काढून टाका. बोर्ड दोन सेकंदात उठतो, राउटरला उठायला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ तुमचा ड्राय-रन (पाणी नसताना मोटर चालणं) तपासणारा कोड त्या लूपमागं अडकून बसतो. मोटरचं काम आधी, वायफाय जमेल तेव्हा, असाच कोड लिहायचा.

पॉवरचा नसलेला पण तसाच दिसणारा दोष दोन ठिकाणी भेटतो. वायफाय चालू झाल्यावर मातीच्या ओलाव्याचं रीडिंगच बिघडत असेल, बोर्ड रीस्टार्ट होत नसेल, तर सेन्सर एडीसी-२ च्या (ॲनालॉग वाचणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिनवर आहे का बघा, ०, २, ४, १२ ते १५, २५ ते २७ ह्या त्या पिना, वायफाय चालू असताना त्या ॲनालॉगला चालत नाहीत, सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनवर घ्या. आणि रिले जोडला की बोर्ड बूटच होत नाही, काढला की होतो, असं असेल तर रिले १२ नंबरच्या पिनवर असणार. बूट होताना ती पिन वर ओढलेली असली की चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट देते आणि फ्लॅश वाचताच येत नाही. रिले २५, २६, २७ किंवा ३३ वर हलवा, बाकी काही करावं लागत नाही.